क्रेनिओसेक्रल थेरपी पहिल्यांदा घेताना : नवख्यांसाठी मार्गदर्शक

क्रेनिओसेक्रल थेरपी हा हातांच्या अतिशय हलक्या स्पर्शाने केला जाणारा पूरक उपचार आहे. अंगावरचे कपडे तसेच ठेवून टेबलावर उताणे पडायचे असते. उपचार करणारी व्यक्ती तळपाय, कंबरेखालचे हाड, पोट, छाती, मान आणि डोके अशा ठिकाणी एकेक करून हात टेकवते आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबते. मालिशीप्रमाणे चोळणे नसते, तेल नसते, सांधे कडकन वाजवणे नसते. जुनी मानदुखी, डोकेदुखी, झोपेच्या तक्रारी किंवा सततचा ताण यांनी त्रासलेली माणसे या उपचाराकडे वळतात, आणि त्यांतील बहुतेकांना एकतर त्याच्या कौतुकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात किंवा तो सरसकट थोतांड असल्याचे सांगितले जाते. दोन्ही बाजूंनी नवख्या माणसाची अडचणच होते, कारण प्रत्यक्ष जायचे असेल तर काय पाहावे, काय विचारावे आणि कुठे थांबावे हे कोणीच सांगत नाही. तेच या लेखात क्रमाने मांडले आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. या उपचारामागचा सिद्धांत विज्ञानाच्या कसोटीवर उतरलेला नाही, आणि तरीही त्यातील शांत, सावध स्पर्शाने पुष्कळांना खरोखर बरे वाटते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करूनच त्याकडे जावे. पहिली विसरली की माणूस खऱ्या आजाराचा उपचार लांबणीवर टाकतो. दुसरी नाकारली की दुखण्याने थकलेल्या माणसाच्या अनुभवाचा अवमान होतो.

कल्पना काय आहे, हे आधी समजून घ्या

क्रेनियम म्हणजे कवटी आणि सेक्रम म्हणजे त्रिकास्थी, म्हणजेच माकडहाडाच्या लगेच वर असलेले, पाच मणके एकजीव होऊन बनलेले त्रिकोणी हाड. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. त्यांतील सर्वांत बाहेरचे आणि चिवट आवरण, म्हणजे दृढतानिका, कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असते, कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्राच्या कडेला घट्ट धरलेले असते आणि तेथून कण्याच्या पोकळीतून नळीसारखे खाली उतरून त्रिकास्थीच्या दुसऱ्या भागापाशी संपते. आवरणांच्या आत एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव खेळता असतो. प्रौढ माणसात कोणत्याही क्षणी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो, म्हणजे तो दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण बदलला जातो. येथपर्यंतचे सारे निर्विवाद शरीरशास्त्र आहे.

पुढचा भाग मात्र दाव्याचा आहे. या द्रवाच्या दाबात हृदयाचे ठोके आणि श्वास यांहून वेगळी, स्वतंत्र अशी एक संथ लय असते, ती मिनिटाला साधारण ६ ते १२ वेळा येते, कवटीची हाडे त्या लयीबरोबर किंचित उघडतात आणि मिटतात, ही हालचाल संपूर्ण शरीरात हाताला जाणवते आणि ती कुठे अडली तर दुखणे उद्भवते, असे या पद्धतीचे लोक मानतात. हलक्या स्पर्शाने तो अडथळा सैल करणे हे त्यांच्या दृष्टीने उपचाराचे काम.

या कल्पनेचे मूळ अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथीत, म्हणजे हाडे, सांधे आणि स्नायू यांवर हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीत आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा काढली, आणि तेथे शिकणाऱ्या विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) यांच्या मनात सुट्या केलेल्या कवटीची हाडे पाहताना एक विचार आला : कानशिलाच्या हाडाची तिरकी, छिललेली कड माशाच्या कल्ल्यासारखी दिसते, तर ती हालचालीसाठीच घडलेली असेल का? त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पट्टे आणि शिरस्त्राणे आवळून प्रयोग केले आणि १९३९ मध्ये आपले विचार एका छोट्या पुस्तकात मांडले. पुढे जॉन अपलेजर (१९३२–२०१२) या ऑस्टिओपॅथ डॉक्टरांनी, मानेच्या एका शस्त्रक्रियेत साहाय्य करताना मज्जारज्जूचे आवरण लयीत हलताना आपण पाहिले, असे सांगितले. १९७५ ते १९८३ या काळात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत काम करताना त्यांनी या पद्धतीला आजचे नाव आणि रूप दिले, आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात स्वतःची संस्था काढून ऑस्टिओपॅथ नसलेल्यांनाही ती शिकवायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर दिसते ती मुख्यतः त्या निर्णयामुळे. तिची बायोडायनॅमिक नावाची आणखी एक शाखा आहे, तिच्यात हात जवळजवळ काहीच करत नाहीत, केवळ टेकलेले राहतात. नवख्या माणसाला दोहोंतला फरक टेबलावर पडल्यावर फारसा जाणवणार नाही.

पुरावा किती, हे जाणून मगच अपेक्षा ठरवा

ही पायरी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवतो.

पहिला प्रश्न, ती लय खरोखर हाताला कळते का? तसे असेल तर एकाच माणसाला तपासणाऱ्या दोन प्रशिक्षित व्यक्तींचे आकडे जुळायला हवेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन फिजिओथेरपिस्टनी १२ व्यक्तींची लय मोजली, आणि त्यांच्या मोजण्यांत काहीही मेळ आढळला नाही; मेळ दाखवणारा गुणांक, जो पूर्ण मेळ असता तर १ आला असता, तो शून्याच्याही किंचित खाली आला. नंतरच्या अशाच अभ्यासांनीही वेगळे काही दाखवले नाही. दुसरा प्रश्न, इतक्या हलक्या दाबाने कवटीची हाडे हलतात का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ सशांच्या कवटीवर ५ ते २० ग्रॅम इतके भार लावून पाहिले, तेव्हा हाडांच्या सांध्यात किंवा डोक्यातल्या दाबात दखल घेण्याजोगा बदल झाला नाही. माणसाच्या कवटीतले सांधे तर वयाबरोबर अधिकाधिक घट्ट होत जातात. मेंदूभोवतीच्या द्रवाला स्पंदन असते हे खरे, परंतु ते मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांमुळे आणि श्वासामुळे येते.

तिसरा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा : सिद्धांत बाजूला ठेवला तरी उपयोग होतो का? येथे उत्तर एकसारखे नाही. जर्मनीत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनी मानदुखी असलेल्या ५४ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला हा उपचार ८ आठवडे दिला, दुसऱ्याला तेवढाच वेळ उपचाराचा नुसता भास होईल असा हलका स्पर्श दिला, आणि पहिल्या गटातले दुखणे अधिक कमी झाले. जुनाट वेदनांवरच्या दहा चाचण्या आणि ६८१ रुग्ण एकत्र घेऊन केलेल्या पुढच्या एका विश्लेषणातही अनुकूल निष्कर्ष आला. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याने, चाचण्या अधिक कडक निकषांनी तपासल्यावर, स्नायू-सांध्यांच्या किंवा इतर कोणत्याही तक्रारीत या उपचाराचा लाभ दिसत नाही असा निष्कर्ष काढला. चाचण्या लहान आहेत, आणि उपचार करणाऱ्याला आपण खरा उपचार करतो आहोत की नुसता भास निर्माण करतो आहोत हे ठाऊक असतेच, त्यामुळे त्यांच्या आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करता येत नाही.

मग ज्यांना बरे वाटते त्यांना ते कशामुळे वाटते? माझ्या समजुतीप्रमाणे कारणे साधी आहेत, आणि ती साधी आहेत म्हणून कमी मोलाची ठरत नाहीत. शांत खोलीत पाऊण तास न बोलता पडून राहणे, श्वास आपोआप संथ होणे, एका माणसाने घाई न करता आपल्याकडे पूर्ण लक्ष देणे आणि अपेक्षाविरहित हलका स्पर्श मिळणे, या गोष्टी सततच्या वेदनेने आखडलेल्या शरीराला क्वचितच लाभतात. म्हणून अपेक्षा ठेवायची तर ती विश्रांतीची, स्नायू सैल होण्याची, काही काळ दुखणे मागे सरकण्याची ठेवावी. कर्करोग, फिट्स, ऑटिझम, संसर्ग यांसारख्या गोष्टींवर हा उपचार आहे असे कोणी म्हणाले, तर तेथून उठून यावे.

डॉक्टरांकडे आधी जा

ज्या तक्रारीसाठी हा उपचार घ्यायचा आहे तिचे निदान झालेले असले पाहिजे. डोकेदुखी ही शेवटी एक खूण आहे, आणि त्या खुणेमागे काय आहे हे हलक्या स्पर्शाने कळत नाही. अचानक, काही क्षणांत टोकाला पोहोचलेली असह्य डोकेदुखी, अंगाच्या एका बाजूला आलेली कमजोरी, बोलताना शब्द न सापडणे किंवा जीभ जड होणे, एकाएकी अंधुक किंवा दुहेरी दिसणे, तापासह मान ताठ होणे, डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या किंवा ग्लानी येणे, पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे, यांपैकी काहीही असेल तर भेटीची वेळ ठरवत बसू नका. ते तातडीच्या वैद्यकीय मदतीचे काम आहे.

काही अवस्थांत हा उपचार घेऊच नये, असे या पद्धतीचे शिक्षण देणारेसुद्धा सांगतात. डोक्यातला दाब वाढलेला असणे, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असणे, नुकताच झालेला पक्षाघात किंवा मेंदूतला रक्तस्राव, कवटीचे ताजे अस्थिभंग, डोक्याला झालेली अलीकडची इजा, मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती, नुकतेच पाठीतून पाणी काढलेले असणे, आणि लहान मेंदूचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली सरकलेला असणे, म्हणजे कियारी विकृती, या त्या अवस्था होत. स्पर्श इतका हलका असताना एवढी सावधगिरी कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की सर्वच जण तितका हलका हात ठेवतात याची खात्री नसते, आणि अशा अवस्थेत रुग्णाला ज्या देखरेखीची गरज असते ती त्या खोलीत नसते. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, गर्भारपण असेल, कण्याची किंवा डोक्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच ठरवा.

चालू औषधे या उपचारासाठी थांबवू नयेत. आपण हा उपचार घेत आहोत हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते कदाचित भुवया उंचावतील, पण त्यांच्यापासून लपवलेली माहिती पुढे आपल्यालाच महागात पडते.

तान्ह्या मुलांबाबत

येथे मी बाकीच्यांपेक्षा अधिक कठोर आहे. सतत रडणारे, नीट दूध न ओढणारे किंवा न झोपणारे बाळ घेऊन आईवडील फार अगतिक होऊन या उपचाराकडे येतात, आणि जन्माच्या वेळी कवटीवर आलेला ताण आम्ही मोकळा करतो, असे आश्वासन त्यांना दिले जाते. बाळाच्या कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. मागची टाळू साधारणपणे दोन-तीन महिन्यांत आणि पुढची सहसा वर्ष-दीड वर्षाच्या आसपास भरते. तेवढ्या काळात डोक्यावर किंवा मानेवर अजाणतेपणाने पडलेला दाब मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असतो. बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासल्याशिवाय आणि त्यांची संमती असल्याशिवाय ते कोणाच्याही हाती देऊ नये. कोणी बाळाची मान किंवा कणा वाकवू लागले, बाळाला उलटे धरू लागले, तर त्याच क्षणी थांबवावे. टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसली, तर पुन्हा वैद्यकीय मदतच.

उपचार करणारी व्यक्ती निवडताना

अनेक देशांत क्रेनिओसेक्रल थेरपिस्ट हे नाव कायद्याने राखून ठेवलेले नाही, म्हणजे कोणीही ते लावू शकतो. या पद्धतीचे पहिल्या पातळीचे प्रशिक्षण अवघ्या चार दिवसांचेही असते, आणि तेवढ्यावर मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर तितकेच देखणे दिसते. म्हणून प्रमाणपत्र आहे का असे न विचारता, मूळ शिक्षण कोणते, हे विचारा. फिजिओथेरपी, ऑस्टिओपॅथी, नर्सिंग किंवा वैद्यक यांपैकी एखादे रीतसर शिक्षण आणि नोंदणी असलेल्या व्यक्तीने त्यानंतर ही पद्धत शिकलेली असेल, तर धोक्याच्या खुणा ओळखण्याची तिची तयारी पुष्कळ अधिक असते.

फोनवरच्या पहिल्या बोलण्यातच बरेचसे कळते. आपली तक्रार सांगा आणि पुढची व्यक्ती काय विचारते ते ऐका. निदान झाले आहे का, कोणत्या तपासण्या झाल्या, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी डोक्याला मार लागला होता का, हे प्रश्न तिकडून आपणहून आले तर ती चांगली खूण. कोणत्या रुग्णांना तुम्ही परत पाठवता, असे उलट विचारा. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही त्याच्याकडे जाऊ नका. नक्की बरे करण्याची हमी, दहा-बारा भेटींचे पैसे आधीच भरण्याचा आग्रह, औषधे सोडा असा सल्ला आणि डॉक्टरांविषयी तुच्छतेची भाषा, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर नकार द्यायला पुरेशी आहे.

पहिली भेट

भेटीच्या आधी भरपेट जेवू नका, कारण बराच वेळ उताणे पडायचे असते. उपाशीही जाऊ नका. सैल, मऊ कपडे घाला, पट्टा, कानातले, गळ्यातले, चष्मा आणि कडक केसबंध काढून ठेवा. उताणे पडले की कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी मागून घ्या. एका अंगावर झोपूनही हा उपचार करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाच अवघडून पडून राहतात.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे बोलणे होते. कुठे हात लागलेला चालणार नाही, हे याच वेळी सांगा. ज्यांना पूर्वी स्पर्शाचे वाईट अनुभव आले असतील त्यांना हे सांगणे जड जाते. कारण सांगण्याची गरज नाही, नुसते, तिथे हात नको, एवढे पुरे आहे. त्रिकास्थीसाठी हात कंबरेच्या खाली, दोन्ही कुल्ल्यांच्या मधोमध सरकवावा लागतो आणि काही वेळा जबड्यासाठी हातमोजा घालून तोंडातही बोट घातले जाते. या दोन्ही गोष्टींआधी स्वतंत्रपणे विचारले जायला हवे आणि नाही म्हटल्यावर ते निमूट मान्य व्हायला हवे. सोबत कोणी बसावे असे वाटत असेल तर बसू द्यावे. जो बसू देत नाही त्याच्याकडे थांबू नये.

नंतरचा भाग शांत असतो. बहुतेक जण तळपायांपासून सुरू करतात. टाचांखाली हात धरून ते लय जाणवते का पाहतात. मग ओटीपोट, बरगड्यांखालचा भाग, गळ्याखालचा भाग अशा आडव्या पट्ट्यांवर एक हात खाली आणि एक वर ठेवतात, मग त्रिकास्थी, आणि अखेरीस डोके. डोक्याशी आल्यावर दोन्ही हातांची बोटे कवटीच्या खाली, मान जेथे सुरू होते तेथे टेकवली जातात आणि डोक्याचे सारे वजन त्या बोटांवर सोडायचे असते. माझ्या मते संपूर्ण उपचारात सर्वांत सुखद भाग हाच, कारण मानेच्या मुळाशी असलेले लहान स्नायू, जे दिवसभर डोके तोलून धरतात, ते इथे खरोखर सैल होतात. पुढे कपाळ, कानशिले, कान यांवर हलके हात येतात. मध्येच लय थांबल्यासारखी वाटते आणि श्वास अगदी शांत होतो, त्या क्षणाला या पद्धतीत निश्चल बिंदू म्हणतात आणि त्याला फार महत्त्व देतात.

स्पर्श किती हलका असावा, याचे प्रमाण या पद्धतीत ५ ग्रॅम सांगितले जाते, म्हणजे एका लहान नाण्याचे वजन. हे नेमके किती ते घरीच पाहून जा : स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर त्यावर बोट टेकवून आकडा पाचाच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करा. बोट जेमतेम टेकल्यासारखे वाटेल. हा अनुभव घेतलेला असला की उपचाराच्या वेळी हात जड पडतो आहे का, हे तुमचे तुम्हाला कळेल, आणि जड पडत असेल तर तसे सांगता येईल. दुखणे, दाब, मान ओढली किंवा पिळली जाणे हे या उपचारात अपेक्षित नाही. तसे झाले तर सहन करत पडून राहू नका.

पडल्यापडल्या काय वाटेल? कोणाला ऊब, जडपणा, स्नायूंची हलकी फडफड जाणवते, पोटात गुरगुरते, कोणाला गाढ झोप लागते, तर कोणाला अकारण रडू येते. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. तेही ठीकच आहे. काही जाणवले पाहिजे म्हणून ताणून लक्ष देत राहिले तर विश्रांतीच हातची जाते. रडू आले तर ते येऊ द्यावे, पण त्यावरून उपचार करणारी व्यक्ती तुमच्या बालपणाविषयी किंवा मनातल्या जुन्या आघातांविषयी निष्कर्ष काढू लागली, तर ते मानसोपचाराचे काम आहे आणि त्यासाठी वेगळ्या शिक्षणाची गरज असते, हे ध्यानात ठेवावे.

भेटीनंतर

टेबलावरून एकदम उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडून थोडे बसा, मग उभे राहा. संथ पडून राहिल्यावर रक्तदाब खाली आलेला असतो आणि चक्कर येऊ शकते. शक्य असेल तर लगेच गाडी चालवण्याचे टाळा. त्या दिवशी आणि क्वचित दुसऱ्या दिवशी थकवा, हलकी डोकेदुखी किंवा झोपाळूपणा राहू शकतो, तो बहुधा आपोआप जातो. याला शरीर विष बाहेर टाकते आहे असे नाव दिले जाते, त्याला आधार नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी आली, तर ही उपचाराची प्रतिक्रिया आहे, जाईल, हे कोणाच्याही सांगण्यावरून मान्य करू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

किती भेटी, आणि कधी थांबावे

इथे एक वही कामाला येते. पहिल्या भेटीच्या आधी निदान एक आठवडा रोज रात्री तीन गोष्टी लिहा : दुखणे ० ते १० मध्ये किती, झोप किती तास, आणि दुखण्यामुळे दिवसातले कोणते काम राहिले. उपचार सुरू झाल्यावरही हेच चालू ठेवा. आधीच्या आठवड्याची नोंद नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? जुनी दुखणी स्वतःच चढतात आणि उतरतात, आणि माणूस सहसा ती अगदी चढलेली असतानाच उपचाराला जातो. त्यामुळे नंतर येणारा उतार कोणत्याही उपचाराच्या खात्यावर जमा होतो. वहीमुळे ही गफलत पूर्ण टळत नाही, पण बरीच कमी होते.

आठवड्याला एक याप्रमाणे तीन-चार भेटी झाल्या की नोंदी काढून बसा. झोप सुधारली, राहिलेले काम होऊ लागले, असे दिसत असेल आणि परवडत असेल, तर आणखी काही भेटी घ्यायला हरकत नाही, अंतर मात्र वाढवत न्या. टेबलावर पडलेले असताना छान वाटते पण नोंदींत काहीच फरक नाही, असे असेल तर त्याला विश्रांती म्हणावे आणि विश्रांती म्हणून त्याची किंमत मोजायची का हे ठरवावे. फरक नसताना, अजून दहा भेटी घ्या, तुमचा अडथळा फार खोल आहे, असे उत्तर मिळाले, तर मी तेथे थांबायला सांगेन. जुनी मानदुखी आणि पाठदुखी यांत नियमित व्यायामाला असलेला पुरावा या उपचारापेक्षा कितीतरी भक्कम आहे. हा उपचार घेऊन शरीर थोडे सैल झाले की त्या दिवसांत व्यायामाला सुरुवात करणे, हा त्याचा मला दिसणारा सर्वांत चांगला उपयोग.

घरी करून पाहायचे असेल तर

डोक्याखाली बोटे धरण्याचा जो भाग वर सांगितला, त्याच्या जवळपास जाणारी एक रीत एकट्याला घरी करता येते, आणि अपलेजर यांच्या परंपरेत ती शिकवली जाते. दोन टेनिसचे चेंडू एका मोज्यात घालून, ते एकमेकांना घट्ट टेकलेले राहतील अशी गाठ मारा. जमिनीवर सतरंजी घालून उताणे पडा, गुडघे दुमडून घ्या, आणि चेंडूंची जोडी डोक्याच्या मागे, दोन्ही कानांच्या पातळीला, कवटीच्या हाडाखाली येईल अशी सरकवा. ती मानेखाली येता कामा नये. डोके चेंडूंवर नुसते सोडून द्या, दाबू नका, हलवू नका. पाच मिनिटांनी सुरुवात करा, सवय झाल्यावर दहा ते पंधरा मिनिटे पुरेत, त्याहून अधिक नको. ज्या अवस्थांत हा उपचार घेऊ नये असे वर सांगितले आहे, त्या सर्वांत हीही रीत वर्ज्य आहे, आणि लहान मुलांवर ती करू नये. चेंडू टोचत असतील तर त्यांवर दुमडलेला रुमाल घाला. तरीही दुखले, मळमळले किंवा गरगरले तर ते काढून ठेवा, कुशीवर वळून दोन मिनिटे पडून राहा आणि मग हाताचा आधार घेऊन सावकाश उठा.